तासाभराची एचपीएलसी रन खाली आणायचीय? नवं मशीन मागण्याआधी हे कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा की वाळूजच्या प्लांटला एका एपीआयची (औषधातल्या मूळ द्रव्याची) रिलेटेड सबस्टन्सची, म्हणजे त्यातल्या अशुद्धी मोजायची, इन-हाउस एचपीएलसी मेथड आहे (एचपीएलसी म्हणजे सँपल द्रवासोबत दाबाने बारीक कण भरलेल्या नळीतून, कॉलममधून, ढकलून त्यातले घटक वेगळे करणं, प्रत्येक घटक बाहेर येताना आलेखावर एक उंचवटा, म्हणजे पीक, दिसतो), सी१८ कॉलम, २५० बाय ४.६ मिमी, आत ५ मायक्रॉनचे कण (पार्टिकल), फॉस्फेट बफर आणि अ‍ॅसिटोनायट्राइलचा ग्रेडियंट (रनभर दोघांचं प्रमाण बदलत नेणं), फ्लो मिनिटाला १ मिलि, ६० मिनिटं ग्रेडियंट आणि वर १० मिनिटं सॅच्युरेशन (कॉलम परत सुरुवातीच्या मिश्रणाला आणणं), प्रेशर १२० बारच्या आसपास. महिनाअखेरीला बॅचेस साचतात, मशीन मोकळं मिळत नाही, मॅनेजर म्हणतात यूएचपीएलसी (जास्त प्रेशर झेपणारं, वेगवान मशीन) घेऊ, परचेसवाले म्हणतात पुढच्या बजेटमध्ये बघू, आणि रात्रपाळीला सिक्वेन्स सांभाळत बसतोस तू. तर आहे त्याच ४०० बारच्या मशीनवर हे कमी होईल का, आणि नवं घेतलंच तर नक्की किती फरक पडेल. (अरे-तुरे करतोय, तीन वर्षांचा अनुभव लिहिलायस म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचा असणार.)

होईल, आणि बऱ्यापैकी होईल. पण आधी कॉलमचा कॅटलॉग उघडू नकोस, तुझा क्रोमॅटोग्राम (रनचा आलेख) उघड, एसएसटीचा (मशीन आणि मेथड ठीक चालतेय ना या चाचणीचा), ज्यात सगळ्या इम्प्युरिटीज स्पाइक केलेल्या, म्हणजे मुद्दाम घातलेल्या, असतात तो. आणि फक्त वेळ बघ. शेवटचा पीक कितीला येतो? त्यानंतर किती मिनिटं नुसती सरळ बेसलाइन आहे? मधे असे पट्टे आहेत का जिथे आठ-आठ दहा-दहा मिनिटं काहीच येत नाही? मी एडीमध्ये (मेथड बनवणारा विभाग) आणि नंतर क्यूसीत (बॅच तपासणारा विभाग) मिळून वीसेक वर्षं काढलीत आणि माझ्या हाताखालून गेलेल्या लांब मेथड्सपैकी निम्म्या तरी केमिस्ट्रीमुळे लांब नव्हत्या, सवयीमुळे लांब होत्या. एका ठिकाणी ६५ मिनिटांची रन होती, शेवटचा पीक ३८ ला, पुढे सत्तावीस मिनिटं रिकामी, का म्हणून खोदत गेलो तर औषध बनवायच्या सुरुवातीच्या रूटमध्ये एक उशिरा येणारं इंटरमिजिएट (मधल्या पायरीचं रसायन) होतं, तो रूटच पुढे बदलला, इंटरमिजिएट गेलं, वेळ मात्र तशीच राहिली आणि पुढची सहा-सात वर्षं प्रत्येक इंजेक्शनला ते सॉल्व्हंट ड्रेनमध्ये जात होतं. कोणी विचारलंच नाही. अर्थात म्हणून उद्या लगेच शेपूट कापू नकोस, आधी फोर्स्ड डिग्रेडेशनचे (औषध मुद्दाम बिघडवून बघतात त्याचे) जुने क्रोमॅटोग्राम काढून बघ की त्या रिकाम्या जागेत कुठला डिग्रेडंट तर येत नाही ना.

दुसरी गोष्ट बघायची ती क्रिटिकल पेअर. म्हणजे सगळ्यात जवळ जवळ येणारे दोन पीक कुठले आणि त्यांच्यात रिझोल्यूशन, म्हणजे सुटेपणा, किती. हे माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ आहे. लोकांना वाटतं फास्ट करायचं म्हणजे पंपाला जोर लावायचा, तसं नसतं रे, फास्ट करणं म्हणजे तुझ्याकडे जास्तीचं जे रिझोल्यूशन पडून आहे ते खर्च करून वेळ विकत घेणं. खात्यात शिल्लक असेल तर खर्च करता येईल. आता हिशोब बघ, रिझोल्यूशन प्लेट्सच्या (कॉलमच्या वेगळं करायच्या ताकदीचा आकडा) वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. कॉलम दुप्पट लांब केला तर प्लेट्स दुप्पट, वेळ दुप्पट, पण रिझोल्यूशन फक्त १.४१ पट. हा सौदा लांब कॉलमवाल्यांना तोट्याचा आहे आणि तुझ्या-माझ्या फायद्याचा, कारण उलट्या बाजूने बघितलं तर कॉलम २५० वरून १०० वर आणला, तोच ५ मायक्रॉन, तरी रिझोल्यूशन ०.६३ पट राहतं. तुझ्या क्रिटिकल पेअरला आत्ता ४ असेल तर २.५ मिळेल, पीक बेसलाइनपर्यंत सुटायला १.५ पुरतं, आणि काम चाळीस टक्के वेळात झालं. काहीही नवीन न घेता. पण क्रिटिकल पेअर आत्ताच १.८ वर असेल तर हा मार्ग बंद, मग खात्यात भर टाकावी लागेल. त्यासाठी बारीक पार्टिकल आहेत, पण त्याआधी पीएच, कॉलमची केमिस्ट्री, तापमान यांच्याशी खेळून सिलेक्टिव्हिटी वाढवता येते का ते बघ. दोन पीकमधलं अंतर मुळातच वाढलं तर प्लेट्सची तेवढी गरजच उरत नाही. सिलेक्टिव्हिटी १.०५ ची १.१० झाली तर रिझोल्यूशन जवळपास दुप्पट होतं, तेवढं प्लेट्सने करायला गेलास तर चौपट प्लेट्स लागतील. मी तरी पहिले दोन दिवस यावरच घालवतो, पण कंपन्यांमध्ये हे कोणाला नको असतं कारण त्यात "नवीन कॉलम ऑर्डर केला" असं मीटिंगमध्ये दाखवायला काही मिळत नाही.

आता बारीक पार्टिकलचं. यात गंमत अशी की हे कळलं होतं फार आधी. मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ मध्येच लिहून ठेवलं होतं की पार्टिकल अगदी बारीक घ्या आणि प्रेशर लावा, पार्टिशन क्रोमॅटोग्राफीसाठी १९५२ चं नोबेल त्यांनाच मिळालं. पण एवढे बारीक कण नीट पॅक करणं आणि तेवढं प्रेशर देणारा पंप या दोन्हीला पुढची साठेक वर्षं लागली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला जॉर्गेन्सन यांच्या लॅबने १९९७ मध्ये दीड मायक्रॉनचे कण कॅपिलरीत भरून ४००० बारच्या वर चालवून दाखवलं, आणि २००४ ला वॉटर्स कंपनीचं अ‍ॅक्विटी हे यूएचपीएलसी मशीन बाजारात आलं, १.७ मायक्रॉन आणि साधारण १००० बार. तिथून हे सगळं आपल्या क्यूसी लॅबपर्यंत आलं.

बारीक कणाने होतं काय ते व्हॅन डीम्टरच्या समीकरणातून कळतं, १९५६ चं आहे, कॉलेजात पाठ केलं असशील आणि विसरलाही असशील. पीक रुंद व्हायची तीन कारणं. एक, कणांच्या मधून जाणाऱ्या वाटा सारख्या नाहीत, काही रेणू जवळच्या वाटेने जातात काही लांबून. दोन, फ्लो फार कमी ठेवला तर रेणू बसल्या बसल्या पसरत जातात. तीन, आणि हेच वेगाच्या आड येतं, रेणू कणाच्या भोकात शिरतो आणि परत बाहेर यायला वेळ घेतो. जत्रेत मुख्य रस्त्याने पालखी चाललीय आणि तू एका बोळात शिरलास, बोळ लांब असेल तर बाहेर येईपर्यंत पालखी पार पुढे गेलेली. पालखी जितकी वेगात तितका तू मागे पडणार. ५ मायक्रॉनच्या कणात बोळ लांब, १.७ मध्ये आखूड. म्हणून ५ मायक्रॉनवर फ्लो वाढवला की प्लेट्स पडत जातात, १.७ वर फ्लो दुप्पट केला तरी फारसं बिघडत नाही. म्हणजे फायदा दुहेरी, आखूड कॉलमवर तेवढ्याच प्लेट्स आणि वर वेगही जास्त.

याची किंमत प्रेशरमध्ये. तोच वेग ठेवला तरी प्रेशर पार्टिकलच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातं, आणि बारीक कणाला शोभेल असा वेग दिला तर घनाच्या. ५ वरून १.७ म्हणजे तेवढ्याच लांबीला साधारण २५ पट. इथे तुझ्याच मेथडचा आकडा घालून बघू. कॉलम निवडताना लांबी भागिले पार्टिकल हा आकडा सारखा राहिला पाहिजे, म्हणजे प्लेट्स साधारण तेवढ्याच राहतात. तुझा २५० मिमी भागिले ५ मायक्रॉन म्हणजे ५०,०००. १०० मिमी, १.७ मायक्रॉन घेतला तर ५८,८००, थोडं जास्तच. २.१ व्यासाच्या कॉलमला फ्लो येतो ०.६१ मिलि, ग्रेडियंट ६० चा ८.२ मिनिटं, इंजेक्शन २० चं १.७ मायक्रोलिटर. ऐकायला झकास, पण प्रेशर कागदावर येतं १२०० बार. बरीच मशीन १००० च्या आसपास थांबतात. म्हणून ७५ मिमीचा घे, ४४,१०० म्हणजे मूळ आकड्यापेक्षा बाराएक टक्के कमी, प्रेशर ९०० च्या घरात, ग्रेडियंट ६.१ मिनिटं. किंवा १०० चाच ठेवून फ्लो ०.४५, ११ मिनिटं. ब्रोशरमध्ये ते "दहापट वेग" वगैरे लिहितात ना, ते खोटं नसतं, फक्त प्रेशरची ही बाजू छोट्या अक्षरात असते.

पण हे झालं नवं मशीन घेतल्यावर. तुझ्याकडे आत्ता ४०० बार आहे, आणि तुझ्यासाठी मला खरं उत्तर वाटतं ते कोअर-शेल कॉलम. यात कण पूर्ण सच्छिद्र नसतो, आत ठोस गाभा आणि वरून सच्छिद्र सिलिकाचं कवच, आंब्याची कोय आणि गर म्हण. हॅलो नावाने २.७ मायक्रॉनचा २००६ ला आला, कायनेटेक्स २.६ चा २००९ ला, आता सगळ्याच कंपन्यांचे आहेत. बोळ आखूड, शिवाय हे कण एकसारख्या आकाराचे असतात आणि भरतातही छान, म्हणून प्लेट्स २ मायक्रॉनच्या खालच्या कणांच्या जवळपास जातात, प्रेशर मात्र २.६ चंच लागतं. तुझ्या मेथडला १०० बाय ४.६, २.६ मायक्रॉन घाल. फॉर्म्युल्याने फ्लो येतो १.९२ आणि प्रेशर ३४० बार, मशीन ओढेल पण मी एवढं काठावर चालवत नाही, कॉलम थोडा जुना झाला की रात्री दोनला ओव्हरप्रेशरने सिक्वेन्स बंद आणि सकाळी आल्यावर तोंड पाहण्यासारखं. फ्लो १.५ ठेव. प्रेशर २७० च्या आसपास, ग्रेडियंट १६ मिनिटं, इंजेक्शन ८ मायक्रोलिटर. सॅच्युरेशन त्याच प्रमाणात पावणेतीन, तीन धर. म्हणजे ७० मिनिटांचं १९ मिनिटं. तुझा सिक्वेन्स ब्लँक, एसएसटी, स्टँडर्ड, सँपल, ब्रॅकेटिंग सगळं धरून २८ इंजेक्शनचा असेल तर आधी पावणेतेहतीस तास लागत होते, आता नऊ. संध्याकाळी सातला लावला तर पहाटे चारला संपला. नव्या मशीनवर ७५ मिमीने तो साडेतीन-चार तासात होईल, हा फरक आहेच, पण तेहतीसचे नऊ झाल्यावर नवाचे चार करायला किती लाख घालायचे ते मॅनेजरना ठरवू दे. सगळा दिवस प्रोसेसिंग आणि रिव्ह्यूमध्येच जात असेल तर त्या पाच तासांनी बॅच लवकर सुटत नाही, हेही त्यांना सांग.

कोअर-शेल घेताना दोन गोष्टी. एक, त्याच ब्रँडचा तोच सी१८ असला तरी सिलिका वेगळी असते, पीकचा क्रम बदलू शकतो, म्हणून प्रत्येक इम्प्युरिटी एकेकटी मारून (इंजेक्ट करून) ओळख पटव. दोन, सच्छिद्र भाग कमी म्हणून भार थोडा कमी झेपतो, रिलेटेड सबस्टन्सला आपण मेन पीक जाड मारतो, तो पुढे झुकायला लागला तर इंजेक्शन व्हॉल्यूम अजून कमी कर.

आता जिथे बहुतेकांचं घोडं अडतं तिथे येऊ. ग्रेडियंटचा प्रत्येक टप्पा एकाच प्रमाणात आखूड करायचा, सुरुवातीचा होल्ड, चढ, वरचा होल्ड, खाली येणं, सगळं. लोक चढ कमी करतात आणि पहिला पाच मिनिटांचा होल्ड तसाच ठेवतात, मग पीक भलतीकडेच. आणि याहून छुपा चोर म्हणजे ड्वेल व्हॉल्यूम. मोबाईल फेज (कॉलममधून वाहणारं मिश्रण) जिथे मिसळतो तिथून कॉलमच्या तोंडापर्यंतची जागा. तुझ्यासारख्या जुन्या क्वाटर्नरी (चार सॉल्व्हंट मिसळणाऱ्या) मशीनला ती १ मिलिच्या आसपास किंवा जास्त असते, नव्या बायनरी (दोन मिसळणाऱ्या) यूएचपीएलसीला ०.४ मिलिच्याही खाली. तू प्रोग्राममध्ये काहीही लिही, ग्रेडियंट ती जागा भरल्यावरच कॉलमला पोचतो. ६० मिनिटांच्या रनमध्ये तो एक मिनिट कोणाला जाणवत नाही, १६ मिनिटांच्या रनमध्ये जाणवतो, ६ मिनिटांच्या रनमध्ये तर मेथडच बदलून टाकतो. मोजायला सोपं आहे, कॉलम काढून युनियन लाव, ए बाटलीत पाणी, बी बाटलीत ०.१ टक्का अ‍ॅसिटोन घातलेलं पाणी, शून्य ते शंभर सरळ ग्रेडियंट लाव, २६५ नॅनोमीटरला बघ. वक्र अर्ध्या उंचीला जितक्या मिनिटाला पोचतो त्यातून ग्रेडियंटच्या वेळेचा अर्धा वजा कर, उरलेल्याला फ्लोने गुण. तासाभराचं काम, पण मी विचारतो तेव्हा दहातल्या आठ जणांना स्वतःच्या मशीनचा आकडा सांगता येत नाही.

तुझ्या केसमध्ये समज ड्वेल १ मिलि आणि सुरुवातीचा होल्ड ५ मिनिटं आहे. जुन्या फ्लोला कॉलमला प्रत्यक्षात ६ मिनिटांचा होल्ड मिळत होता. सोळाला साठने भागून गुणलं की १.६ मिनिटं हवीत. नव्या १.५ फ्लोला ड्वेलमध्येच ०.६७ मिनिट जातं, म्हणून प्रोग्राममध्ये होल्ड १.३३ नाही, ०.९३ लिहायचा. एवढंसंच आहे. पण मी एकदा हे न करता एका साइटवरून दुसऱ्या साइटला मेथड पाठवली आणि तिकडे दोन लवकर येणाऱ्या इम्प्युरिटीज एकावर एक चढल्या, पंधरा दिवस आम्ही बफरच्या पीएचवरून भांडत होतो, मेल वर मेल, शेवटी कळलं की दोन्हीकडची मशीन वेगळी, ड्वेल जवळपास तिप्पट. पीएच बिचारा निर्दोष होता.

त्याचाच भाऊ म्हणजे कॉलमच्या बाहेरची जागा, इंजेक्टरपासून डिटेक्टरपर्यंतची ट्युबिंग, फिटिंग, फ्लो सेल. हा माझा स्वतःचा फजितीचा किस्सा आहे. पहिल्यांदा २.१ चा कॉलम हातात आला तेव्हा उत्साहात तो साध्या एचपीएलसीवर लावला, फ्लो कमी ठेवून प्रेशर सांभाळलं, पीक आले जाडे-भरडे, प्लेट्स सांगितल्याच्या एक तृतीयांश, मी सप्लायरच्या माणसाला फोनवर नको नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, सर ट्युबिंग कितीचं आहे? ट्युबिंग होतं पाव मिलिमीटर व्यासाचं, सव्वा फूट इकडे, दोन फूट तिकडे. हिशोब कर, ०.२५ मिमीची एक मीटर नळी म्हणजे ४९ मायक्रोलिटर, ०.१७ ची २३, ०.१२ ची ११. आणि २.१ बाय ७५ च्या कॉलममधली सगळी मोकळी जागा जेमतेम १६० मायक्रोलिटर. कॉलममध्ये कमावलेलं सगळं नळीत सांडत होतो. तुझ्या २५० बाय ४.६ मध्ये तीच जागा अडीच मिलि असते म्हणून तिथे खपून जातं. म्हणूनच जुन्या मशीनवर मी तुला ४.६ चाच कॉलम सांगतोय, फार तर ३.०, पण २.१ नाही. तरी ०.१७ ची नळी लाव, लांबी जितकी कमी करता येईल तितकी कर, आणि फेरूल (नळी घट्ट धरणारी रिंग) नीट बसलंय ना बघ, नळीचं टोक आणि कॉलमचं तळ यात एक मिलिमीटर फट राहिली तरी टेलिंग (पीकला मागे शेपूट) येतं आणि आपण कॉलमला शिव्या देतो.

डिटेक्टरचा डेटा रेट बघ, हे तर फुकटचं आहे. एका पीकवर वीसएक तरी पॉइंट पाहिजेत. पीक तीस सेकंदांचा होता तेव्हा सेकंदाला १ पॉइंटही चालत होता, आता चार-पाच सेकंदांचा झाला तर सेकंदाला ५ काठावर, १० ठेव, यूएचपीएलसीला २०. आणि टाइम कॉन्स्टंट नावाची सेटिंग २ सेकंदांवर विसरून राहिलेली असते बऱ्याच ठिकाणी, ती बारीक पीकला घासून बोथट करते. डेटा रेट फार वाढवूही नकोस, नॉइज वाढतो आणि तुझा ०.०५ टक्क्याचा पीक त्यात बुडतो, एलओक्यू (नीट मोजता येणारी सगळ्यात कमी पातळी) परत काढावा लागेलच.

तापमान. कॉलम ओव्हन ३० वरून ४५ वर नेला की मोबाईल फेज पातळ होतो, प्रेशर साधारण पाव हिस्सा उतरतं, रेणूही बोळातून भराभर आत-बाहेर करतात. ही सवलत बहुतेक जण वापरतच नाहीत. फक्त प्रत्येक अंशाला रिटेन्शन एक-दोन टक्के सरकतं आणि सगळ्या पीकचं सारखं सरकत नाही, त्यामुळे क्रिटिकल पेअर फुटूही शकते नाहीतर चिकटूही शकते, लावून बघायचं. मिथेनॉल वापरत असशील तर प्रेशरचा हिशोब वेगळा, पाणी-मिथेनॉल निम्मं-निम्मं असताना सगळ्यात घट्ट असतं, अ‍ॅसिटोनायट्राइलपेक्षा बरंच जास्त प्रेशर देतं. आणि उद्या यूएचपीएलसी आलंच तर हे ध्यानात ठेव की १००० बार आणि ०.६ मिलि म्हणजे कॉलमच्या आत घर्षणाने १ वॅट उष्णता तयार होते. एवढ्याशा नळीत १ वॅट म्हणजे गंमत नाही, ओव्हनवर ४० दिसतं पण कॉलमच्या शेवटाला त्याहून जास्त असतं, म्हणून कधी कधी गणित बरोबर असूनही पीक किंचित सरकलेले येतात.

कचरा. बारीक कणाचा कॉलम चोक होतो, आणि पटकन होतो. ५ मायक्रॉनच्या कॉलमच्या तोंडाची जाळी २ मायक्रॉनची असते, ती घाण पोटात घालते, १.७ च्या कॉलमची जाळी ०.२ ची. बफर ०.२२ ने गाळ, सँपलही ०.२२ ने, बफर रोज ताजा, कालच्या बाटलीत आज नवीन ओतायचा प्रकार पूर्ण बंद, जुन्या फॉस्फेटमध्ये बुरशी धरते आणि ती थेट कॉलमच्या तोंडावर जाऊन बसते. ग्रेडियंट वर जाताना अ‍ॅसिटोनायट्राइल ७० टक्क्यांच्या पुढे नेत असशील तर फॉस्फेट खाली बसायची भीती, बी मध्ये थोडं पाणी ठेव. माझ्या एका ज्युनियरने नव्या कोऱ्या १.७ च्या कॉलमवर गार्ड (घाण अडवणारा छोटा कॉलम) न लावता न गाळलेलं प्लेसिबो (औषध सोडून बाकीचं मिश्रण) मारलं होतं, कॉलम चौथ्या इंजेक्शनला गेला. त्याला काही बोललो नाही, कॉलमची किंमत तेवढी दाखवली.

सॅच्युरेशनचं वेगळं सांगतो कारण तिथे फुकटचा वेळ बसलेला असतो. दहा कॉलम व्हॉल्यूम (कॉलममधल्या जागेच्या दहापट द्रव) पाहिजेत असं सगळीकडे सांगतात, पण प्रत्यक्षात पूर्ण सॅच्युरेट होण्यापेक्षा दर वेळी सारखंच सॅच्युरेट होणं महत्त्वाचं. तीन, चार, पाच, आठ व्हॉल्यूम अशी वेगवेगळी वेळ ठेवून लागोपाठ सहा-सहा इंजेक्शन मार, ज्या आकड्याला पहिल्या पीकची वेळ हलेनाशी होते तो घे. यात ड्वेल धुऊन निघायला लागणारा वेळ मात्र मिळव. आणि इंजेक्टरची सुई धुणं वगैरे पुढच्या इंजेक्शनसाठी आधीच्या रनमध्येच करून घ्यायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, एकेक मिनिट वाचतो, डिझोल्युशनला (गोळी किती वेळात विरघळते ती चाचणी) तर त्याचीच किंमत, सहा व्हेसल (भांडी) आणि सहा टाइम पॉइंट म्हणजे ३६ इंजेक्शन, दहा मिनिटांची अ‍ॅसे टाइप (मुख्य औषध किती ते मोजणारी) रन दोनवर आणली तर सहा तासांचा सव्वा तास होतो. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती तुम्ही, एकच पीक असतो, ५० मिमीचा कॉलम लावला की झालं.

सॉल्व्हंटचंही मॅनेजरना सांग, त्यांना ते लवकर कळतं. आत्ता तुझा एक सिक्वेन्स जवळपास २ लिटर मोबाईल फेज पितो, कोअर-शेलवर ८०० मिलिच्या आत, २.१ च्या कॉलमवर सव्वाशे मिलि. २००८-०९ ला अ‍ॅसिटोनायट्राइलची जगभर टंचाई झाली होती, ते अ‍ॅक्रिलोनायट्राइल बनवताना मिळणारं जोडउत्पादन आहे, मंदीमुळे आणि अजून दोन-चार कारणांमुळे ते कमी झालं आणि हे मिळेनासं झालं. आम्ही तेव्हा बाटल्या कपाटात कुलूप लावून ठेवायचो. लहान कॉलमचं महत्त्व बऱ्याच जणांना त्या वर्षी कळलं, माझ्यासकट.

कागदपत्रांचं. फार्माकोपियाची (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथातली) मेथड असती तर तुला बराच मोकळेपणा होता, यूएसपीच्या, म्हणजे अमेरिकन फार्माकोपियाच्या, ६२१ चॅप्टरमध्ये १ डिसेंबर २०२२ पासून ग्रेडियंट मेथडलाही कॉलम बदलायची मुभा आहे, लांबी भागिले पार्टिकल हा आकडा उणे २५ ते अधिक ५० टक्क्यांत राहिला पाहिजे आणि फ्लो, इंजेक्शन, ग्रेडियंट वेळ ठरलेल्या फॉर्म्युल्याने. इथे एक मजा बघ, १०० मिमी २.६ मायक्रॉन म्हणजे ३८,४६०, उणे २३, आत बसतं. १०० मिमी २.७ म्हणजे ३७,०४०, उणे २६, बाहेर. एका दशांश मायक्रॉनने. कोअर-शेलसाठी प्रत्यक्ष प्लेट्स मोजून दाखवायची वेगळी वाट ठेवलीय म्हणा त्यात, आणि ग्रेडियंटमध्ये मी सांगितला तसा फ्लो मनाने १.५ ठेवायची सवलत तिथे नाही. तुझी मेथड इन-हाउस आहे आणि बहुधा नियामकाकडे फाइल केलेली असणार, म्हणून चेंज कंट्रोल (बदलाची रीतसर मंजुरी), व्हॅलिडेशन (मेथड खात्रीची आहे हे दाखवणं), जुन्या-नव्या मेथडची तुलना हे सगळं लागेल आणि रेग्युलेटरीवाल्यांना पहिल्या दिवशी सांग, शेवटच्या नाही.

व्हॅलिडेशनमध्ये माहितीतल्या इम्प्युरिटीज स्पाइक करून थांबू नकोस. मी एकदा ५५ मिनिटांची मेथड १२ वर आणली होती, सगळ्या स्पाइक केलेल्या इम्प्युरिटीज सुट्या, सगळे खूश. पुढे सहा महिन्यांच्या स्टॅबिलिटी सँपलला (तेवढा काळ साठवून ठेवलेल्या) मेन पीकच्या मागच्या पायथ्याशी बारीकसं टेंगूळ दिसलं, जुन्या मेथडवर मारलं तर तिथे स्वच्छ वेगळा पीक. डिग्रेडंट होता, आणि मी डिग्रेड केलेली सँपल्स फक्त जुन्या कॉलमवर मारली होती, नव्यावर नाही. कोणाच्या नजरेत आलं म्हणून वाचलो. तेव्हापासून अ‍ॅसिड, बेस, पेरॉक्साइड, उष्णता, उजेड हे पाचही सँपल आणि हाताशी असेल तेवढं जुनं स्टॅबिलिटी सँपल नव्या मेथडवर मारल्याशिवाय मी सही करत नाही, आणि (एकाच वेळी अनेक तरंगलांबी बघणाऱ्या) डायोड अ‍ॅरेवर मेन पीकची प्युरिटी, म्हणजे त्याखाली दुसरं काही लपलेलं नाही ना, बघतो.

तू आता एवढं कर. या आठवड्यात मशीन दोन तास मोकळं मिळालं की ड्वेल मोज आणि नळ्यांचा व्यास बघून लिहून ठेव. मग क्रिटिकल पेअरचं रिझोल्यूशन, पहिल्या आणि शेवटच्या पीकची वेळ आणि ग्रेडियंटचा तक्ता मला पाठव. कॉलम त्यानंतर मागव, डेमो कॉलम देतात बरेच सप्लायर, विचारून बघ, विचारायला पैसे पडत नाहीत.